लाकडी फरशीला नैसर्गिक तेल : पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

लाकडी फरशीला तेल लावणं सोपं आहे. अवघड आहे ते लावलेलं तेल वेळेत पुसून काढणं. पहिल्यांदा हे काम करणारे बहुतेक जण इथेच फसतात. तेल पसरलं की फिकट, कोरडं लाकूड एकदम खुलतं, रेषा उठून दिसतात, आणि मग हात आखडतो. पुसायचं कशाला, वर थोडं राहिलं तर तेवढंच जास्त संरक्षण, असं वाटतं. तसं होत नाही. वर राहिलेलं तेल चिकट होतं, त्यावर धूळ बसते आणि आठवडाभरात फरशीवर पावलांचे ठसे उमटायला लागतात. म्हणून या लेखात प्रत्यक्ष तेल लावण्याइतकंच त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कामांबद्दल लिहिलं आहे.

तेल काय करतं आणि काय करत नाही

व्हार्निश किंवा पॉलियुरेथेन लाकडाच्या वर एक पातळ थर बसवतं. हा थर पाणी आणि घर्षण अडवतो, पण एकदा कुठे खरवडला किंवा सुटला की तेवढाच भाग बेमालूम दुरुस्त करणं जवळजवळ अशक्य असतं. तेलाचं उलट आहे. ते लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतं आणि तिथेच घट्ट होतं. पाण्यासारखं उडून जाऊन ते वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन शोषून त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि द्रवाचा घन होतो. त्यामुळे हवा खेळती नसेल, थंडी असेल किंवा तेलाचा थर जाड असेल तर हे काम रखडतं.

प्रत्येक तेलाला हा गुण नसतो. खोबरेल, शेंगदाणा, ऑलिव्ह ही तेलं लाकडात कायम ओलीच राहतात, त्यामुळे फरशीला ती कधीही लावू नयेत. फरशीसाठी वापरात असलेली वाळणारी तेलं मुख्यतः दोन, जवसाचं आणि टुंग या झाडाच्या बियांचं. जवसाचं तेल आत छान शिरतं, लाकडाला उबदार सोनेरी छटा देतं, पण काळाबरोबर पिवळं पडतं. गंमत म्हणजे उजेडापेक्षा अंधारात ते जास्त पिवळं पडतं. टुंग पाण्याला जास्त चांगलं तोंड देतं आणि कमी पिवळं पडतं, मात्र जाड लावलं तर त्यावर सुरकुत्या येतात.

कच्चं जवस तेल वाळायला कित्येक दिवस, कधी आठवडे घेतं. ‘उकळलेलं’ असं लिहिलेल्या डब्यातलं तेल सहसा उकळलेलं नसतं. त्यात कोबाल्ट किंवा मँगनीजचे क्षार घातलेले असतात आणि त्यांच्यामुळे ते एका दिवसाच्या आसपास वाळतं. टुंगच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही डब्यांतही प्रत्यक्षात व्हार्निश आणि पातळ करणारा द्रव यांचंच मिश्रण असतं. त्यामुळे समोरच्या नावापेक्षा मागचा घटकांचा तक्ता वाचा.

तिसरा पर्याय हार्डवॅक्स ऑइलचा. यात वाळणाऱ्या तेलांबरोबर कार्नोबा, कँडेलिला अशी कठीण वनस्पतिज मेणं असतात. कार्नोबा मेण ८० अंश सेल्सिअसच्या वर वितळतं, म्हणजे पायाखाली ते मऊ पडत नाही. पहिल्यांदाच काम करणाऱ्याने हेच घ्यावं असं माझं मत आहे. दोन पातळ हातांत काम होतं आणि निव्वळ तेलापेक्षा डाग कमी बसतात.

तेल लावलेल्या फरशीवर खुणा पडतात, हे मात्र आधीच मनाशी ठरवून घ्या. ओला पेला तासभर राहिला तर वर्तुळ उमटतं. तो डाग अर्ध्या तासात घालवता येतो, पण उमटतो हे नक्की. प्रत्येक ओरखडा डोळ्यांत सलणार असेल तर पॉलियुरेथेन लावा आणि सुखाने राहा.

आधी फरशी ओळखा

लॅमिनेटला तेल लावता येत नाही, कारण वरची लाकडाची नक्षी म्हणजे प्लास्टिकच्या थराखालचा छापील कागद असतो. इंजिनीअर्ड फळ्यांवर खऱ्या लाकडाचा थर असतो, पण तो २ ते ६ मिलिमीटर इतकाच. उंबऱ्यापाशी किंवा एखाद्या पाइपच्या भोकापाशी फळीची कड दिसते, तिथे तो थर मोजून घ्या. एका पूर्ण सँडिंगमध्ये, म्हणजे मशीनने फरशी घासण्यात, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर लाकूड जातं. थर २ मिलिमीटरचा असेल आणि फरशी आधी एकदा घासलेली असेल, तर मोठी मशीन त्यावर लावूच नका.

आता वर आधीचा थर कुठला आहे ते पाहा. कोपऱ्यात ब्लेडने हलकेच खरवडलं आणि पारदर्शक कपचे निघाले तर ते व्हार्निश. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्यावर पिवळट, मेणचट मळ आला तर मेण. दोन्ही पूर्ण काढल्याशिवाय नवं तेल आत शिरणार नाही. जुनं घर असेल आणि फळ्यांवर रंग असेल, तर त्यात शिसं नाही ना याची तपासणी करूनच घासायला घ्या. जुन्या टाइल्स उखडल्यावर उरलेला काळा डिंक दिसला तर तोही तपासल्याशिवाय घासू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

लाकडाची जातही बघायची. ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं आणि पाणी व लोखंड एकत्र आलं की त्यावर निळसर काळे डाग पडतात. म्हणून ओकवर स्टील वूल (बारीक पोलादी तारांचा घासणीसारखा गुंता) वापरायचं नाही. सागवानात स्वतःचंच तेल असतं, तेल लावायच्या थोडं आधी त्यावरून तेल विरघळवणाऱ्या द्रवाने भिजवलेलं फडकं फिरवावं लागतं. शिसवीच्या जातीच्या काही लाकडांतली द्रव्यं तर तेलाला वाळूच देत नाहीत. अशा लाकडावर छोटा नमुना करून चार दिवस थांबणं हाच मार्ग.

घासकाम : इथे घाई केली तर तेल ते लपवत नाही

व्हार्निशचा जाड, चकचकीत थर बारीकसारीक दोष थोडेफार झाकतो. तेल ते उलट अधोरेखित करतं. मशीनने मारलेली प्रत्येक गोल चरी तेल लागताच गडद होऊन वर येते.

सुरुवातीला सगळ्या फळ्यांवरून हात आणि नजर फिरवा. वर आलेले खिळे खिळेठोशाने दोन-तीन मिलिमीटर आत ठोका, नाहीतर पहिल्याच फेरीत मशीनचा पॉलिश पेपर फाटेल. हलणारी फळी घट्ट करा. फटी भरण्याचा मोह शक्यतो टाळा. हवेतला दमटपणा बदलला की लाकूड फुगतं-आकसतं, आणि कडक लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर ती तडकून निघते. शिवाय लांबी तेल पीत नाही, त्यामुळे तेवढा भाग वेगळ्या रंगाचा दिसतो. एखादं मोठं भोक भरावंच लागलं तर त्याच लाकडाचा बारीक भुसा मिसळून भरा.

जुन्या फरशीला साधारण ४० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात होते, मग ६०, मग ८०, आणि शेवट १०० किंवा १२० वर. मधला एखादा नंबर गाळून पुढे गेलात तर आधीच्या खरखरीत पेपरच्या चरी तशाच राहतात आणि नंतर कितीही घासलं तरी जात नाहीत. १५० च्या वर जाऊन फरशी गुळगुळीत करण्यातही शहाणपण नाही. लाकडाची छिद्रं बंद होतात आणि तेल आत शिरत नाही. तुमच्या तेलाच्या डब्यावर शेवटचा नंबर दिलेला असेल तर तोच पाळा.

ड्रमची मशीन (फिरत्या रुळावर पॉलिश पेपर गुंडाळलेली) भाड्याने आणली असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. मशीन आधी पुढे सरकायला लागते, मग ड्रम खाली टेकतो. थांबताना आधी ड्रम वर उचलायचा, मग पाय थांबवायचे. एका जागी दोन सेकंद जरी ड्रम टेकून राहिला तरी खळगा पडतो. रेषांच्या दिशेनेच चाला. भिंतीलगतचा भाग कडेच्या छोट्या मशीनने करावा लागतो आणि तिथेही प्रत्येक वेळी तोच नंबर वापरायचा, जो मध्ये वापरला. हे का सांगतो आहे? लाकूड जितकं गुळगुळीत, तितकं ते तेल कमी पितं आणि फिकट दिसतं. मधला भाग १२० ने आणि कडा ८० ने संपवल्या, तर खोलीभोवती गडद चौकट उमटते. ती तेल लावल्यावरच दिसते आणि तोपर्यंत मशीन परत गेलेली असते.

दर दोन नंबरांच्या मध्ये व्हॅक्यूम क्लीनर फिरवा. ४० नंबरचा एखादा सुटा कण १०० नंबरच्या पेपरखाली सापडला तर लांबलचक ओरखडा काढतो. शेवटची फेरी झाली की खोलीत अंधार करा आणि टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाका. उभ्याने दिसत नाही ते सगळं या उजेडात दिसतं. राहिलेल्या चरी हाताने, रेषांच्या दिशेने घासून काढा.

लाकडाचा बारीक भुसा फुप्फुसांना घातक आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने तो निश्चित कर्ककारकांच्या यादीत ठेवलेला आहे. कापडी रुमाल पुरत नाही, बारीक कण अडवणारा, नाकावर घट्ट बसणारा मास्क लावा. आणि भुशाची पिशवी रात्रभर मशीनमध्ये ठेवू नका. त्यात जुन्या तेलाचे किंवा व्हार्निशचे कण असतात आणि तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो.

नमुना आणि तयारी

ओल्या बोटाने लाकडावर एक रेघ ओढा. ती ओली असताना जो रंग दिसतो, साधारण तोच रंग तेल लावल्यावर येतो. तरीही कपाटाखाली जाणाऱ्या कोपऱ्यात फूटभर जागेवर तेल लावून एक दिवस थांबा. नमुना वेगळ्या फळीवर करायचा असेल तर ती त्याच लाकडाची आणि त्याच नंबरपर्यंत घासलेली हवी.

खोलीचं तापमान १५ ते २५ अंश सेल्सिअस आणि हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्के असेल तर उत्तम. लाकडातला ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आत असावा, तो मोजायचं छोटं यंत्र मिळतं. जमिनीखालून गरम करण्याची सोय असेल तर ती आधीच्या दिवशी बंद करा. फरशीवर थेट ऊन पडत असेल तर पडदे ओढा, नाहीतर तेवढ्याच पट्ट्यात तेल भराभर घट्ट होईल. खिडक्या मात्र उघड्या हव्यात. ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी असं नाही. टर्पेंटाइन किंवा संत्र्याच्या सालीतून काढलेला द्रव मिसळलेला असेल तर त्याची वाफ डोकं चढवते, आणि काहींच्या त्वचेवर पुरळही उठतं. हातमोजे घाला.

घासून झाल्यावर फरशी तशीच दिवसेंदिवस ठेवू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तेल लागलंच पाहिजे. उघडं लाकूड प्रत्येक पावलाचा मळ पिऊन घेतं.

तेल लावताना

डबा तळापासून नीट ढवळा. हलवून भागत नाही, मेण तळाशी बसलेलं असतं. दारापासून सर्वांत लांबच्या भिंतीपाशी सुरुवात करा आणि दाराकडे मागे मागे या. हे वाचायला फार उघड वाटतं, पण कोपऱ्यात अडकलेली माणसं असतातच. एका वेळी दोन-तीन फळ्या घ्या आणि त्या पूर्ण लांबीने करा. फळीच्या मध्येच थांबलात तर तिथे जोडाची गडद खूण राहते.

इथून पुढे रीत तेलाप्रमाणे बदलते. निव्वळ जवसाचं किंवा टुंगचं तेल असेल तर पहिला हात सढळ घ्यायचा. कापडाने किंवा रबरी पट्टीने तेल पसरा आणि १५ ते ३० मिनिटं लाकडाला पिऊ द्या. ज्या जागा कोरड्या दिसायला लागतील तिथे पुन्हा थोडं ओता. लाकडाने पिणं थांबवलं की वरचं सगळं पुसून काढा. सगळं म्हणजे सगळं. कोरड्या पांढऱ्या कापडाने पुसल्यावर तळहात टेकवून पाहा, हाताला तेलाची ओल लागता कामा नये. पहिल्या हाताला एक लिटर तेल १० ते २० चौरस मीटरला पुरतं, लाकूड किती तहानलेलं आहे त्यावर हे ठरतं.

हार्डवॅक्स ऑइल असेल तर ओतायचं नाही. जाड केसांच्या ब्रशने किंवा आखूड लवेच्या रोलरने ते ताणून ताणून पातळ लावायचं, लिटरला २० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त. लाकडाने न पिलेलं काही वर साचलं असेल तर तेही टिपून घ्या. पहिला हात जरा कमी पडला असं वाटतंय? मग बरोबर लागला आहे.

तेल चोळून बसवण्यासाठी पॅड फिरवणारी मशीन मिळाली तर फार उपयोग होतो. पांढऱ्या पॅडने तेल छिद्रांत दाबलं जातं आणि वरचं सारखं पसरतं. छोट्या खोलीत गुडघ्यावर बसून हातानेही हे जमतं.

ओक, ॲश अशा मोठ्या छिद्रांच्या लाकडात आणखी एक खोडी असते. पुसून झाल्यावर तासा-दोन तासांनी छिद्रांतून तेल पुन्हा वर येतं आणि बारीक चमकणारे ठिपके दिसतात. म्हणून पुसून झाल्यावर लगेच निघून जाऊ नका. दोन तासांनी एकदा परत या, टॉर्च टाका आणि पुन्हा पुसा.

दुसरा हात पहिला वाळल्यावर, आणि तो पहिल्यापेक्षा बराच कमी. वाळवणारे क्षार असलेल्या तेलाला साधारण एक दिवस लागतो, कच्च्या तेलाला कित्येक दिवस. मध्ये हलक्या पॅडने एकदा घासलं तर उभे राहिलेले तंतू बसतात. तिसरा हात क्वचितच लागतो.

एवढं करूनही दुसऱ्या दिवशी फरशी चिकट लागली तर घाबरू नका. त्याच तेलाचा अगदी थोडा अंश पॅडवर घेऊन चिकट भागावर चोळा, अर्धवट घट्ट झालेलं तेल सैल होतं, मग ते लगेच कोरड्या कापडाने पुसून घ्या. आठवडा उलटून गेला असेल तर मात्र घासण्याशिवाय इलाज नाही.

चिंध्या

हा भाग वाचल्याशिवाय डबा उघडू नका. तेल घट्ट होताना उष्णता बाहेर पडते. फरशीवर ती हवेत विरून जाते, पण तेलाने माखलेल्या फडक्यांचा बोळा करून टोपलीत टाकला की उष्णता आतच कोंडते, तापमान वाढत जातं आणि काही तासांत, कुणीही काडी न लावता, चिंध्या पेटतात. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत लागलेली आग अशीच सुरू झाली होती. लाकडी पॅनेलिंगच्या कामानंतर २२ व्या मजल्यावर जवस तेलाच्या चिंध्या पडून राहिल्या होत्या. त्या आगीत अग्निशमन दलाच्या तीन जवानांचा जीव गेला.

उपाय साधा आहे. प्रत्येक फडकं काम संपताच घराबाहेर एकेकटं, पसरून, सिमेंटवर किंवा दगडावर वाळत टाका, एकावर एक नको. ती कडक होईपर्यंत तशीच राहू द्या. नाहीतर पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात पूर्ण बुडवून ठेवा. हाच नियम पॅडला, रोलरला आणि तेल लागलेल्या भुशालाही.

थांबण्याचे दिवस

एका दिवसानंतर मोजे घालून चालायला हरकत नाही. सामान तीन-चार दिवसांनी आणा, उचलून आणा, ओढून नको. पाणी एक ते दोन आठवडे अजिबात लागू देऊ नका. गालिचा आणि सतरंजी सर्वांत शेवटी, दोन ते चार आठवड्यांनी. खाली हवा पोचत नाही म्हणून तेल नीट घट्ट होत नाही, आणि उजेड न लागल्यामुळे तेवढ्या चौकोनाचा रंगही वेगळा राहतो. कच्चं तेल असेल तर या सगळ्या मुदती लांबतात.

रोजची निगा

फरशी झिजवतो तो मुख्यतः बाहेरून आलेला रेतीचा कण. दारात आत आणि बाहेर पायपुसणी, खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे मऊ तुकडे, आणि मऊ झाडू किंवा फिरता ब्रश बंद केलेला व्हॅक्यूम क्लीनर, एवढ्यावर निम्मं काम होतं.

पुसायचं तर पिळून काढलेल्या पोच्याने. मागे राहिलेली ओल दोन मिनिटांत वाळली पाहिजे. वाफेचा मॉप वापरू नका, उष्णता आणि पाणी दोन्ही एकदम आत जातात. साबण लाकडी फरशीसाठी बनवलेलाच घ्या. सोडा, अमोनिया किंवा ब्लीच असलेले तीव्र क्लीनर तेल खातात. त्यांतली अल्कली आणि तेल एकत्र आले की साबण बनतो, म्हणजे तुम्ही फरशीतल्या तेलाचाच साबण करून पोच्याबरोबर बाहेर काढत असता. व्हिनेगर नैसर्गिक म्हणून सुचवलं जातं, पण रोज आम्ल लावल्याने तेलाचा पृष्ठभाग निस्तेज होतो.

तेलाचा नवा हात कधी द्यायचा? चालण्याच्या वाटेवर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब मण्यासारखे उभे राहिले तर फरशी ठीक आहे. दहा मिनिटांत ते आत जिरून खाली गडद डाग दिसला तर वेळ झाली. वर्दळीच्या वाटेला ही वेळ वर्षभरात येऊ शकते, पलंगाखाली कित्येक वर्षं येत नाही. म्हणून सगळी खोली दरवर्षी तेलात भिजवायची गरज नाही. वाट स्वच्छ पुसा, रात्रभर वाळू द्या, अगदी पातळ तेल लावून चोळा आणि पुसून टाका. सँडिंग लागत नाही.

डाग आणि खळगे

पाण्याचा पांढरा डाग बहुतेक मेणात असतो. बारीक पॅडवर थोडं तेल घेऊन रेषांच्या दिशेने चोळलं की जातो. जड वस्तू पडून खळगा झाला असेल, पण तंतू तुटले नसतील, तर त्यावर ओलं कापड ठेवून गरम इस्त्री काही सेकंद टेकवा. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. वाळल्यावर घासून तेल लावा. तेलकट डागावर मुलतानी मातीचा घट्ट लेप रात्रभर ठेवला तर बराच डाग ओढला जातो.

लोखंड आणि पाण्यामुळे पडलेला काळा डाग घासून सहसा जात नाही, तो खोल असतो. तिथलं तेल काढून ऑक्झॅलिक आम्लाचं पाणी लावावं लागतं. हे विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि वाळलेली पूड उडता कामा नये. डाग गेला की जागा दोन-तीनदा ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या, मग आधी ज्या नंबरने संपवलं होतं त्याच नंबरने घासा आणि तेल लावा.

डब्यात तेल उरलं असेल तर ते गळ्यापर्यंत भरेल अशा छोट्या बाटलीत ओतून ठेवा. अर्ध्या रिकाम्या डब्यात आतल्या हवेने वर साय धरते. बाटलीवर तेलाचं नाव, लावल्याची तारीख आणि शेवटच्या पॉलिश पेपरचा नंबर लिहा. पुढे एखादी फळी बदलावी लागली तर तिचा रंग शेजारच्या फळ्यांशी जुळवायला हाच नंबर लागतो.